हेझ, धुकं, धुरकं, धुई: आज नक्की काय पडलंय?

गच्चीवाला_टिळकवाडी
५ मार्च, सकाळी ९.१०

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण सकाळपासून डोक्यातनं जाईना.

आईनं आज गच्चीवर उडदाचे पापड घातले. मी नेहमीसारखा चहाचा कप घेऊन राखणीला, म्हणजे कावळे हाकायला. समोर बघतो तर बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड गायब. आमच्या गच्चीवरनं तो आठ-दहा किलोमीटर असेल, एरवी दात घासता घासता दिसतो. आज तिथं नुसता दुधात राख कालवल्यासारखा पडदा. मोबाईल काढला. हवामानाच्या जागी इंग्रजीत लिहिलंय 'हेझ'. भाषा मराठी केली तर तेच 'धुके' झालं.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "धुकं असतं तर मी पापड घातले असते काय? चामट झाले असते दुपारपर्यंत. त्या टाकीवर बोट फिरीव." फिरवलं. बोटाला पिवळट-करडी भुकटी लागली आणि टाकीच्या झाकणावर स्वच्छ काळी रेघ उठली. पाण्याचा टिपूस नाही.

तर आई बरोबर आणि मोबाईल चूक, हे मला मान्य आहे. पण मग 'हेझ' म्हणजे काय? हा शब्द आला कुठनं? आणि आपल्याकडं ह्याला काय म्हणायचं? जाणकारांनी सांगावं.

उगाच_एक
५ मार्च, सकाळी ९.२२

पापड किती रुपये शेकडा?

मास्तर_खानापूर
५ मार्च, सकाळी १०.४०

टिळकवाडीकर, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नाही. आईंना नमस्कार सांगा.

ह्या शब्दाची पहिली गंमत अशी, की लेक आधी जन्मली आणि आई नंतर. 'हेझी' हे विशेषण १६२० च्या दशकापासून लिहिलेलं सापडतं, तेही 'हॉझी'सारख्या वेगळ्याच रूपात, आणि जहाजावरच्या लोकांच्या बोलीत. 'हेझ' हे नाम छापलेलं दिसतं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. विशेषणाची शेपटी तोडून नाम केलं. इंग्रजीत असं पुष्कळ चालतं. 'एडिटर' आधी होता, 'एडिट' हे क्रियापद त्याच्यापासनं मागाहून काढलं, आणि आज सगळ्यांना उलटंच वाटतं. म्हणजे ऐंशी-एक वर्षं इंग्रज खलाशांकडं 'हेझी' हवा होती, पण 'हेझ' नव्हता.

त्याच्या मागं काय, ह्यावर अजून एकमत झालेलं नाही. दोन तर्क सांगतात. एक म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'हासू', अर्थ करडा. (आपल्या हसण्याशी काही संबंध नाही.) दुसरा तर्क जास्त रंगीत आहे: जर्मन 'हाझे', म्हणजे ससा. तिकडच्या दर्यावर्दी लोकांत ससा अपशकुनी. मेलेला ससा होडीवर आणायचा नाही, समुद्रात असताना त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. आपल्याकडं रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसलाच प्रकार. पण सशापासनं धूसर हवेपर्यंतची उडी मला जरा लांबच वाटते. करड्या रंगाचा तर्क निदान डोळ्यांना पटतो.

ओलं_फडकं
५ मार्च, सकाळी ११.१५

नमस्कार. माझ्या नावाला हसू नका, त्याच फडक्यावर आमचं घर चाललं. हवामान निरीक्षक म्हणून नोकरी झाली, वेगवेगळ्या विमानतळांवर. आता निवृत्त, सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, रस्त्याला घर आहे.

आईंनी टाकीवर बोट फिरवून जे केलं तेच आम्ही दोन थर्मामीटर लावून करायचो. पांढऱ्या झडपांच्या पेटीत एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या गोळ्याला मलमलचं फडकं गुंडाळलेलं, त्याची वात पाण्याच्या कुपीत. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर खाली उतरतो. मार्चच्या दुपारी आपल्या भागात दोघांत दहा अंशांच्या वरही फरक पडतो. धुक्यात मात्र दोघं भावाभावासारखे एकाच आकड्यावर. फरक जवळजवळ शून्य म्हणजे समोरचा पांढरा पडदा पाण्याचा. फरक मोठा म्हणजे तो धुळीचा किंवा धुराचा. हेझ आणि धुकं वेगळं करायचं ते इथं.

बाकी नियम असे. दिसण्याचं अंतर १००० मीटरच्या आत आलं, आणि कारण पाणी असलं, तर ते 'फॉग'. १००० ते ५००० मीटर दिसत असलं आणि हवा ओली असली तर 'मिस्ट'. ५००० मीटरच्या आतच दिसतंय, पण हवा कोरडी, साधारण ७५-८० टक्क्यांच्या खाली आर्द्रता, तर 'हेझ'. वैमानिकांना पाठवायच्या संदेशात प्रत्येकाची दोन अक्षरं. फॉगला एफ-जी, हेझला एच-झेड. आणि मिस्टला? बी-आर! नवीन पोरं गोंधळायची, म्हणून 'बेबी रेन' असं पाठ करायला सांगायचे. खरं तर ते फ्रेंच 'ब्र्यूम' आहे. धुराचं एफ-यू हेही फ्रेंच, 'फ्युमे'.

आणि अंतर कसं मोजायचं? कुठलंही यंत्र नाही. चारी दिशांना ठरलेल्या खुणा असतात: पाण्याची टाकी, कारखान्याची चिमणी, टेकडी. कुठली किती लांब आहे त्याचा तक्ता भिंतीवर. कुठली दिसते आणि कुठली बुडाली ते बघायचं, की झालं. आता ठिकठिकाणी यंत्रं आली आहेत, पण आमची पिढी अशी खुणा बघत म्हातारी झाली. टिळकवाडीकर, तुमचा राजहंसगड ही उत्तम खूण आहे. वही घाला आणि रोज एकाच वेळी नोंद करा. मोबाईलपेक्षा बरं काम होईल.

निपाणीची_लेक
५ मार्च, दुपारी १.०५

फडकंकाका, आमच्याकडं तर दोन्ही मिसळून असतंय ओ. डिसेंबर-जानेवारीत ऊस तुटायला लागला की मागं राहिलेलं पाचट पेटवत्यात. संध्याकाळी बघाल तर शिवारात पाच-सहा ठिकाणी जाळ, आणि गुऱ्हाळाच्या चिमणीचा धूर वेगळाच. रात्री गार पडलं की सगळा धूर वर न जाता खालीच, छपराच्या उंचीला आडवा तरंगतोय. पहाटे त्यातच धुकं उतरतंय. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काळे केस पडल्यासारखी पाचटाची राख. झटकायची नाही, फुंकायची. झटकली की रेघ उमटली.

पेपरवाले ह्याला 'धुरकं' म्हणतात, धूर अधिक धुकं. ते बरोबर आहे का? का हा नुसता 'स्मॉग'ची नक्कल करून पाडलेला शब्द?

मास्तर_खानापूर
५ मार्च, दुपारी ३.३०

अक्का, नक्कल आहे पण अस्सल उतरलेली आहे. 'स्मोक' आणि 'फॉग' ह्यांची मोट बांधून 'स्मॉग'. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय डॉ. हेन्री दे व्हो ह्या लंडनच्या डॉक्टरांना देतात. कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत ते होते, आणि १९०५ साली आरोग्यविषयक परिषदेत त्यांनी तो मांडला. त्याआधीही तो तुरळक छापलेला सापडतो, पण बारसं त्यांच्या नावावर. आपल्याकडं तर 'धू' दोन्ही शब्दांत आधीपासनंच होता, त्यामुळं सांधा इतका बेमालूम बसला की जोडशब्द आहे हे कळतही नाही. 'स्मॉग' अजून ओढून आणल्यासारखा वाटतो, 'धुरकं' गावातच जन्मल्यासारखा.

लंडनमधे ५ ते ९ डिसेंबर १९५२ ह्या पाच दिवसांत जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. थंडीमुळं घरोघर कोळसा पेटलेला, वारा नाही, वर गरम हवेचं झाकण. त्या वेळी चार हजार माणसं गेल्याचं सांगितलं, पुढच्या अभ्यासांत तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यातनं १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. तुमच्या छपराच्या उंचीवर आडव्या तरंगणाऱ्या धुराचं कारणही तेच झाकण, फक्त आकार लहान.

गंमत म्हणजे हाच शब्द पुढं लॉस एंजेलिसला गेला, आणि तिथं ज्याला स्मॉग म्हणायला लागले त्यात ना कोळशाचा धूर ना धुकं! गाड्यांच्या धुरांड्यातले वायू आणि कडक ऊन ह्यांच्यातनं ओझोन वगैरे तयार होतो, हे हागेन-स्मिट नावाच्या रसायनतज्ज्ञानं तिथं १९५० च्या आसपास दाखवून दिलं. शब्द एकदा घराबाहेर पडला की आईबापांचं ऐकत नाही.

मंजुनाथ_कॅम्प
५ मार्च, रात्री ८.५०

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. त्यामुळं ह्या विषयावर माझ्या नावावरनंच खटला आहे. कन्नडमधे 'मंजु' म्हणजे धुकं. बर्फालाही म्हणतात. शाळेत कन्नडचा तास सुरू झाला आणि हा शब्द आला, त्या दिवसापासनं थंडीत वर्गात शिरलो की मागच्या बाकावरची ओरडायची, "पडलं, मंजु पडलं!" माझं नाव खरं तर संस्कृत 'मंजु'वरनं, म्हणजे सुंदर, गोड. पण हे तेव्हा कुणाला सांगणार.

आमच्याकडं शब्दांची वाटणी नीट आहे. पानावर पडतं ते 'इब्बनी', म्हणजे तुमचं दंव. धूर तो 'होगे'. स्मॉगला 'होगेमंजु'. धुळीला 'धूळु', हे तर एकच घर. आणि टिळकवाडीच्या गच्चीवरनं जे दिसलं त्याला माझी अज्जी म्हणाली असती 'मब्बु'. मब्बु म्हणजे अंधुक, मळल्यासारखं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीचा उजेड मब्बु. डोळ्यात मोतीबिंदू झाला की दिसणं मब्बु. आणि पोरगं अभ्यासात ढ असलं की त्याचं डोकंही मब्बु.

उगाच_एक
५ मार्च, रात्री ९.०२

झालं, आता धुक्यावरनं पण भाषावाद. हवा कुठल्या राज्याची ते आधी ठरवा.

व्यवस्थापक
५ मार्च, रात्री ९.०९

उगाच, तुमच्या नावाला जागू नका. ह्या धाग्यावर तो विषय नको. मंजुनाथ, चालू द्या.

मंजुनाथ_कॅम्प
५ मार्च, रात्री ९.२०

राहू दे ओ, त्यांना पापड मिळाले नाहीत म्हणून चिडलेत.

मला विचारायचं होतं ते असं. 'मब्बु' हवेवरनं डोक्यात गेला. इंग्रजीतही 'हेझी' आठवण म्हणतात. आणि हिंदीत 'धुंध' म्हणजे धुकं, तर मराठीत 'धुंद' म्हणजे नशेत. तिन्ही-चारी भाषांत हवा गढुळली की डोकं का गढुळतं?

मास्तर_खानापूर
६ मार्च, सकाळी ७.१५

मंजुनाथ, झोप उडवलीस. मला वाटतं कारण साधं आहे. दोन्हीत वस्तू जागेवरच असते, फक्त तिच्या कडा जातात. टिळकवाडीकरांचा गड कुठं गेलाय? तिथंच आहे. पण अंधारासारखं हे काळं नसतं, पांढरं असतं. दिसतंय असं वाटतं आणि दिसत तर काहीच नाही. नशेत, तापात आणि म्हातारपणात हेच होतं. शेवटचं अनुभवानं सांगतो.

चिकोडी_ते_चांगी
६ मार्च, सकाळी ८.३०

सिंगापूरहून लिहितोय, मूळ गाव चिकोडीजवळ. इकडं 'हेझ' हा शब्द पोरालासुद्धा ठाऊक असतो, पण अर्थ वेगळा. इकडं हेझ म्हणजे इंडोनेशियातली दलदलीची, पीट नावाची जळाऊ माती आणि जंगल पेटतं तेव्हा वाऱ्याबरोबर येणारा धूर. ती जमीन आतल्या आत महिनोन्महिने धुमसत राहते, आपल्याकडच्या उकिरड्यासारखी. वरनं विझलेली दिसते, काठी घातली की धूर. शेजारी मलेशियात त्याला 'जेरेबू' म्हणतात. १९९७ साली मोठा झाला होता. २१ जून २०१३ ला इथला प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ वर गेला, तो दिवस मी बघितलाय. तीनशेच्या वर 'घातक' धरतात. ऑफिसच्या काचेतनं समोरची इमारत नुसती पेन्सिलीनं काढून खोडल्यासारखी. लिफ्टमधेसुद्धा चुलीपुढं बसल्याचा वास. मला तर घरची आठवण आली, खोटं कशाला सांगू.

२००२ साली आसियान ह्या आग्नेय आशियाई गटातल्या देशांनी त्यावर करार केला, त्याच्या नावातही 'हेझ'च आहे, 'स्मोक' नाही. ह्यावर मी बराच विचार केलाय. धूर म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, लावली कुणी? हेझ म्हटलं की ते आपोआप आल्यासारखं वाटतं. पाऊस आला, हेझ आला.

निपाणीची_लेक
६ मार्च, सकाळी ९.००

हे मात्र खरं दादा. आमच्याकडंही "कुणी पेटवलं?" विचारलं की "धुकं आहे की ओ ते" म्हणत्यात. आमच्या दारातही मागल्या वर्षी शेजारच्या फडातनं जाळ येऊन गवताची गंजी गेली. त्या दिवशी पण गावभर धुकंच होतं म्हणे!

ओलं_फडकं
६ मार्च, सकाळी १०.१०

चिकोडीकरांच्या मुद्द्याला जोड देतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमधे हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली, इंडोएक्स नावाची. शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन त्यात प्रमुख. आपल्या उपखंडावरनं समुद्रावर पसरलेला तपकिरी थर त्यांना दिसला: लाकूडफाटा, शेण्या, कोळसा, डिझेल, सगळ्यांचा मिळून. त्याचं नाव पडलं 'आशियाई तपकिरी ढग'. नावावरनं बरीच कुरबुर झाली, आणि पुढं 'आशियाई' जाऊन 'वातावरणीय तपकिरी ढग' झालं. ढगात काही बदल झाला नाही.

आपल्या फेब्रुवारी-मार्चच्या हेझमधेही एकाच चुलीचा धूर नसतो. वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, रस्त्याची कामं चालू असतात, शेतं नांगरून उघडी पडलेली असतात, आणि जून अजून लांब. धुऊन काढायला पाऊस नाही.

वसतिगृह_खोली_१४
६ मार्च, दुपारी २.४०

काका-मामा मंडळी, मधेच बोलतो. 'हेझिंग' म्हणजे तर रॅगिंग ना? अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बातम्यांत असतं. ते ह्याच शब्दातलं काय? विचारायचं कारण, पहिल्या वर्षी आमच्या वसतिगृहात सीनियरनी रात्री दोन वाजता गच्चीवर उभं करून "चांदण्या मोज" म्हणून सांगितलं होतं. ढगाळ होतं. शून्य म्हटलं तर परत मोज म्हणाले.

मास्तर_खानापूर
६ मार्च, दुपारी ४.००

बाळ, आता असलं कुणी केलं तर सरळ तक्रार कर. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत, प्रत्येक कॉलेजला बांधील.

शब्द वेगळा आहे. उच्चार आणि अक्षरं तीच, पण मूळ बहुधा जुन्या फ्रेंच 'हासे'मधे, म्हणजे छळणं, सतावणं. योगायोग असा, की हाही जहाजावरनंच आला. खलाशाला शिक्षा म्हणून गरज नसलेली कामं देत राहायचं, घासलेलं डेक परत घासायला लावायचं, ह्याला १८४० च्या सुमाराला 'हेझ' करणं म्हणत. १८५० च्या आसपास तो अमेरिकन कॉलेजात शिरला. तुझ्या चांदण्या म्हणजे तेच डेक.

कणकुंबीकर
६ मार्च, रात्री १०.२५

रेंज आत्ता आली. तुमचं सगळं वाचलं. तुम्ही बेळगाववाले थंडीतल्या पहाटेच्या धुक्याला धुकं म्हणता. आमच्याकडं, मलप्रभेच्या उगमाला, जून ते सप्टेंबर ढगच घरात येतो. दार उघडं ठेवलं तर माजघरातनं जाऊन परसातनं बाहेर. चुलीवरच्या दांडीला कपडे टांगले तरच वाळणार. आमची म्हातारी माणसं धुकं म्हणत नाहीत, 'धुई' म्हणतात. "धुई दाटली", "धुई फाटली". फाटली म्हणजे खरोखर कापडासारखी फाटते, मधनंच समोरचा डोंगर दिसतो आणि परत शिवली जाते. चोर्ल्याच्या घाटात गाडी चालवणाऱ्याला विचारा.

मार्चात मात्र वेगळंच. भाताच्या तरव्याची, म्हणजे रोपं करायची, जागा भाजायची असते, पाला-शेण पसरून. भाजावळ. तेव्हा सगळ्या खोऱ्यात निळा धूर. पण सांगायचं ते हे, की भाजावळ नसतानाही लांबचा सह्याद्री निळाच दिसतो. जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा काळसर निळा, त्यामागचा फिकट निळा, शेवटचा तर आभाळातच विरलेला. तो निळा काय धूर आहे?

ओलं_फडकं
७ मार्च, सकाळी ९.४५

कणकुंबीकर, नोकरीत असताना असा प्रश्न कुणी विचारला असता तर चहा पाजला असता.

डोंगर निळा नाही. तुमच्या आणि त्याच्या मधे जी हवा आहे ती निळी दिसते. हवेचे रेणू आणि अतिसूक्ष्म कण निळा उजेड जास्त विखरतात, लाल कमी. डोंगर जितका लांब तितकी मधली हवा जास्त, तितका निळा जास्त. दाट जंगलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. झाडं स्वतःच सुगंधी वाफा सोडतात, पाइनच्या चिकाला येतो तसल्या वासाच्या. त्यांचे हवेत बारीक कण होतात आणि निळेपणा वाढतो. फ्रिट्स वेंट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६० साली हे मांडलं. ऑस्ट्रेलियातले ब्लू माउंटन्स त्याचं नेहमीचं उदाहरण. म्हणजे हा माणसाशिवायचा हेझ झाला.

आता टिळकवाडीचा पडदा निळा का नाही? कारण तिथले कण मोठे. उजेडाच्या लाटेची लांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कण त्याच्यापेक्षा फार बारीक असला तर निळ्याला झुकतं माप. कण त्याच्याएवढा किंवा मोठा झाला की तो सगळे रंग सारखेच विखरतो आणि पांढरट दिसतो. त्यात काजळी आणि माती मिसळली की दुधात राख. घरी करून बघा: उदबत्तीचा धूर काडीच्या टोकाला निळसर असतो, पण तोच तोंडात ओढून सोडला की (ओढू नका!) पांढरा होतो, कारण तोंडातल्या ओलाव्यानं कण फुगतात. हेझलाही पहाटे असंच होतं. धूळ-धुराचे काही कण पाणी ओढून फुगतात, म्हणून तीच हवा सकाळी जास्त पांढरी आणि दुपारी जरा मोकळी. मोबाईलनं धुकं म्हटलं त्याला एवढी एक पळवाट देऊ.

मास्तर_खानापूर
७ मार्च, सकाळी ११.३०

आता मीही थोडी भर घालतो, नाहीतर फडकंराव शाळाच ताब्यात घेतील.

ह्या कुटुंबातल्या बाकीच्या शब्दांशी आपलं नातं निघतं. 'मिस्ट' ज्या धातूतनं आला त्यातनंच संस्कृत 'मिह्' आणि आपला 'मेघ'. (त्या धातूचा एक अर्थ मूत्रविसर्जन, आणि जर्मनमधे 'मिस्ट' म्हणजे चक्क शेणखत. तेव्हा जर्मन पाहुण्याला कवितेतलं मिस्ट ऐकवू नका.) 'नेब्युला' म्हणजे लॅटिनमधे धुकं, आणि ती आपल्या 'नभा'ची बहीण. फडकंरावांचं एफ-यू, ते फ्रेंच 'फ्युमे', ते लॅटिन 'फूमुस', आणि तेच संस्कृत 'धूम'. सांबऱ्याहून धुराचा संदेश जातो तेव्हा त्यात धूमच असतो, फक्त अंगरखा फ्रेंच.

बी-आरचं 'ब्र्यूम' आणखी लांबचं. लॅटिन 'ब्रुमा' म्हणजे वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, म्हणून हिवाळा, म्हणून हिवाळ्यातलं धुकं. फ्रेंच क्रांतीनंतर नवी दिनदर्शिका केली तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या महिन्याला 'ब्र्यूमेअर' नाव दिलं. 'फॉग' बहुधा डेन्मार्ककडचा, तिकडं त्याचा अर्थ फवारा किंवा उडणारा बर्फ. इंग्रजीत आणखी एक 'फॉग' आहे, गवत कापल्यावर परत फुटतं ते. शेतकऱ्याला हा ठाऊक, पुस्तकवाल्याला तो.

एवढ्या सगळ्यांत 'हेझ' एकटा पोरका. ना आई सापडत, ना गाव.

कणकुंबीकर
७ मार्च, दुपारी १.१०

पोरका असला म्हणून काय झालं मास्तर, आमच्याकडं सोय करू. शब्द सुचवा सगळ्यांनी.

निपाणीची_लेक
७ मार्च, दुपारी १.४०

मळभ?

ओलं_फडकं
७ मार्च, दुपारी २.००

मळभ ढगांचं असतं, वर असतं. हेझ समोर असतो. 'कुंद' हवा म्हणाल तर तीत वारा पडलेला आणि पाऊस दाटलेला. 'झाकोळ' उजेडाचा. धूळवादळाचा 'धुरळा' तर हलतो, हा जागचा हलत नाही. ज्याला त्याला आपलं काम नेमून दिलेलं आहे.

मंजुनाथ_कॅम्प
७ मार्च, दुपारी २.१५

मब्बु घ्या की ओ. फुकट देतो.

गच्चीवाला_टिळकवाडी
८ मार्च, सकाळी ९.३०

दोन दिवस सगळं वाचतोय. आईला एकेक शब्द म्हणून दाखवला. धूसर म्हटल्यावर म्हणाली, "ते रेडिओवर." मब्बु मात्र तिला लगेच कळला, माहेर गोकाकचं. मग मी म्हटलं, आता तूच सांग, हे समोर दिसतंय त्याला तुम्ही काय म्हणायचा? पापड पालथा करता करता म्हणाली, "काय म्हणणार? ऊन मळलंय."

ऊन मळलंय. मी हे तिच्या तोंडून लहानपणापासनं ऐकलं असणार, पण कानावर पडलं ते आज.

मास्तर_खानापूर
८ मार्च, सकाळी ९.५५

माझं मत आईंना. नाम नाही हा दोष नव्हेच, 'हेझ'ही सुरुवातीला विशेषणच होता.

ओलं_फडकं
८ मार्च, सकाळी १०.०५

मान्य. आर्द्रतेची अटही त्यात आपसूक येते. भिजलेलं कापड ओलं असतं, मळलेलं कोरडंही असू शकतं.

गच्चीवाला_टिळकवाडी
२ एप्रिल, सकाळी ७.२०

धागा वर काढतोय. काल संध्याकाळी वळीव झाला, अर्धा तासच, पण गाराही पडल्या. आज वहीत नोंद: सकाळी ७ वाजता गड स्पष्ट.

ओलं_फडकं
२ एप्रिल, सकाळी ७.४५

स्पष्ट म्हणजे काय? गडावरचा पुतळा दिसला का? नुसती टेकडीची कड दिसली तर तसं लिहा. खुणेचा आकार वेगळा आणि खुणेवरची बारीक वस्तू वेगळी. आमच्यात 'स्पष्ट' चालत नाही.

गच्चीवाला_टिळकवाडी
२ एप्रिल, सकाळी ७.५८

पुतळा दिसला. तटबंदीत मोकळ्या फटी आहेत की दगड, तेवढं सांगता येईना. चष्मा आणायला खाली गेलो तर आईनं सांडग्यांचं पीठ कालवायला बसवलंय.

उगाच_एक
२ एप्रिल, सकाळी ८.०१

सांडगे किती रुपये किलो?